आमची वाटचाल : दलाली १ टक्का, आणि ती लिहून

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका जिन्याखालच्या खोलीत १९९८ साली आम्ही घरांच्या दलालीचं ऑफिस सुरू केलं, मी आणि मोटाभाई. मोटाभाई म्हणजे माझे भागीदार, माझ्याहून १४ वर्षांनी मोठे, आख्खा बाजार त्यांना मोटाभाईच म्हणायचा. आधी ते एका स्टॅम्प वेंडरकडे बसायचे त्यामुळे दस्तावेज, म्हणजे खरेदीखत, बघताक्षणी कुठे चूक आहे ते बोट ठेवून दाखवायचे. माझ्याकडे काय होतं तर एक स्कूटर, ३० मीटरचा फिता आणि मराठी घरांमधल्या ओळखी. रावपुरा, कारेलीबाग, मांजलपूर इथली निम्मी मराठी मंडळी आईच्या माहेरची नाहीतर वडिलांच्या शाळेची. भिंतीवर खिळ्यांची फळी, प्रत्येक खिळ्याला किल्ली आणि किल्लीला पत्त्याची पुठ्ठ्याची चिठ्ठी. ती फळी अजून आहे, ऑफिस दोनदा बदललं तरी ती सोबत आली.

फित्याचं एक सांगतो. बडोद्यात भाव सुपर बिल्टअपवर, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून, बोलतात हे तुम्हाला माहीतच आहे, पण मी पहिल्या दिवसापासून कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, मोजून चोपड्यात लिहीत आलोय, खोली खोली. १२०० चौरस फूट म्हणून सांगितलेला फ्लॅट आत ७८० भरला की विकणारा माझ्यावर चिडायचा, पण घेणारा नंतर भावाला घेऊन यायचा. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा फिता स्वतःचा न्या.

मधली वर्षं चांगली गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

मग २०१६. जुन्या पादरा रोडवरचा एक बंगला, १ कोटी २० लाख, दोन्हीकडून १-१ टक्का म्हणजे आमचे २ लाख ४० हजार. सात महिने फिरवलं, घेणाऱ्याला ११ वेळा दाखवला, वेरा बिलातलं, म्हणजे घरपट्टीच्या बिलातलं, नाव बदलायचं होतं ते मी केलं, टाइटलचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून मोटाभाईंनी काढून घेतला. आणि एके दिवशी दोघांनी आपापसात बसून परस्पर दस्तावेज करून टाकला. आम्हाला कळलं कधी तर शेजारच्या पानवाल्याने विचारलं की तो बंगला विकला ना, पेढे कुठायत? मी फोन केला तर म्हणाले, तुमच्याशी लिहून कुठे काय ठरलं होतं. खरं होतं. १८ वर्षं आम्ही तोंडी दलाली करत होतो आणि तीही सगळी दस्तावेजाच्या दिवशी घ्यायचो, आणि सही झाली की लोक ओळख विसरतात.

त्यानंतर दोन महिन्यांत ८ नोव्हेंबर. ५०० आणि १००० च्या नोटा बंद आणि आमचे चालू असलेले तीन बाने, म्हणजे सौद्याच्या आगाऊ रकमा, एका आठवड्यात परत गेले. खरं तर २०१५ च्या जूनपासूनच घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी होती पण बाजारात ऐकत कोण होतं. पाच महिने एक रुपया आला नाही, भाडं थकलं, बायकोच्या पाटल्या गेल्या, ऑफिसातल्या मुलाचा पगार मात्र मोटाभाईंनी स्वतःच्या खिशातून दिला. हे मुद्दाम लिहितोय कारण तोच मुलगा पुढच्या वर्षी सोडून गेला आणि आमच्या समोरच्या लाइनीत ऑफिस थाटलं. बोर्ड काय, तर ‘विकणाऱ्याला दलाली शून्य’. आमच्या चोपड्यातले नंबर त्याच्याकडे कसे गेले ते मी विचारलं नाही. आठ वर्षं झाली, अजून लागतं ते.

मोटाभाई एवढंच म्हणाले, लखेलुं वंचाय. जे लिहिलंय तेच वाचता येतं. त्या रात्री बसून आम्ही अर्ध्या पानाचा कागद बनवला, एका बाजूला गुजराती एका बाजूला मराठी. दलाली किती, कोण देणार, अर्धी बानाखताला म्हणजे साठेखताला, अर्धी दस्तावेजाला, किती महिने घर आमच्याकडे, आणि आम्ही दाखवलेल्या माणसाशी परस्पर व्यवहार झाला तरी दलाली लागू. जुन्या शहरात जिथे अशांत धाऱ्याची, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागात घर विकायला कलेक्टरची, परवानगी घ्यावी लागते तिथे बानाखत आणि दस्तावेजात किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून परवानगी नाकारली तर पहिली अर्धी परत, हेही लिहिलं. लोक म्हणाले मराठी माणूस विश्वास ठेवत नाही. काही गिऱ्हाइकं गेली, जाऊ दिली.

समोरच्याकडे मात्र रांग लागलेली. शून्य म्हटलं की कोण थांबतं?

आता बाईंचं. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, मांजलपूरला टेनामेंट म्हणजे छोटं स्वतंत्र घर, २००१ मध्ये आम्हीच घेऊन दिलेलं. त्यानंतर त्यांच्या बहिणीचं, भाच्याचं, शेजाऱ्यांचं, सगळी घरं बाईंनी आमच्याकडे पाठवली. २०१९ मध्ये मुलाकडे पुण्याला जायचं ठरलं तेव्हा समोरच्याने त्यांना गाठलं. बाई त्याचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, अरे दलाली शून्य म्हणतोय, सही करण्याआधी तू वाचून दे. मी वाचला. ‘मालकास नेट ६२ लाख, त्यावर मिळेल ती रक्कम ब्रोकरची.’ आख्खी गोम त्या एका ओळीत.

ते टेनामेंट आम्ही ६८ लाखाला विकलं. आमची दलाली १ टक्का, ६८ हजार, जीएसटी नाही कारण आमची उलाढाल २० लाखांच्या आत होती आणि ज्याच्याकडे जीएसटी नंबर नाही त्याने १८ टक्के लावायचे नसतात, बिलावर नंबर बघत जा. म्हणजे दलाली जाऊन बाईंना ६७ लाख ३२ हजार. शून्य दलालीत मिळाले असते ६२. टक्का कुठलाही कायदा ठरवत नाही, तो बोलून ठरतो, एकावरून पाऊण करून घ्या, पण तेवढ्यावर समाधान मानू नका, हातात किती पडणार तो आकडा लिहून मागा.

तरी दस्तावेजाच्या दिवशी बाई माझ्यावर रागावल्या. चेक ६८ हजारांनी कमी आला आणि वर माझ्या दलालीचे ६८ हजार. त्यांना वाटलं दोनदा कापले. तो टीडीएस होता, ५० लाख आणि वरच्या घरावर घेणाऱ्याने १ टक्का कापून सरकारात भरायचा, विकणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो, रिटर्नमध्ये वळता होतो. आकडा सारखा म्हणून घोळ. आणि तिसरे ६८ हजार त्याच दिवशी वाचले, घेणाऱ्याचे. नोंदणी फी १ टक्का असते पण गुजरातेत घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर ती माफ, म्हणून मी बानाखताच्या आधीच घेणाऱ्यांना सांगितलं होतं की दस्तावेज तुमच्या सूनबाईंच्या नावावर करा. स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के मात्र भरावीच लागली, ३ लाख ३३ हजार २००, तीही घेणाऱ्याचीच. विकणाऱ्याने उगाच घाबरू नये.

मी बाईंना बाकावर बसवलं, चोपड्याच्या मागच्या पानावर तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून दाखवले. मग त्या हसल्या आणि चेक लिहिला. पावती दिली मी, आणि सांगितलं ही फाइलला लावा, नफ्यावरचा कर काढताना विक्रीच्या रकमेतून दलाली वजा होते, रोख देऊन पावती न घेणारे हे घालवतात. बाईंच्या सीएला ती पावती लागलीच.

घरावर लोन असेल तर अजून एक. फ्लोटिंग रेटचं होम लोन मुदतीआधी फेडलं म्हणून बँक दंड लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा नियम आहे. फेडल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार, हा डिसेंबर २०२३ पासूनचा. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांना हे माहीत नसतं.

मोटाभाई २०२१ मध्ये गेले. त्यांचा मुलगा कॅनडात, तो या धंद्यात नाही. माझी मुलगी आता ऑफिसला येते, घरं सगळी कॉम्प्युटरवर आहेत, फिता जाऊन लेझरचं मीटर आलं. समोरचा बोर्डही तसाच आहे.

दिवाळीला चोपडा पूजन मात्र चुकलं नाही. पहिल्या पानावर श्री लिहून झालं की खाली ओळ असते, दलाली १ टक्का, अर्धी बानाखताला, अर्धी दस्तावेजाला. मोटाभाई गुजरातीत लिहायचे. चार वर्षं झाली, आता मी लिहितो, गुजरातीतच.