सिक्युरिटी एजन्सीचा विमा काढताना: माझा अनुभव

२०२३ मध्ये चाकणच्या एका गोदामाचं काम आम्हाला मिळणार हे जवळपास ठरलं आणि त्यांच्या खरेदी विभागाकडून कागदांची यादी आली. पसारा लायसन्स (खाजगी सुरक्षा एजन्सी चालवायचा परवाना), पीएफ आणि ईएसआय म्हणजे कामगार राज्य विम्याची चलनं, १९८१ च्या सुरक्षा रक्षक कायद्याखालची कलम २३ ची सूट, हे सगळं फाइलला लागलेलं होतं. यादीच्या तळाशी मात्र आमच्यासाठी नवा मामला होता: एक कोटीची लायबिलिटी पॉलिसी (दुसऱ्याच्या नुकसानीची आपल्यावर येणारी जबाबदारी उचलणारी), फिडेलिटी गॅरंटी (नोकराच्या अफरातफरीचा विमा), सगळ्या गार्डांची डब्ल्यूसी पॉलिसी (कामावरच्या अपघाताच्या भरपाईची) आणि ग्रुप अपघात विमा.

तोवर आमचे पॉइंट, म्हणजे गार्ड लावायच्या जागा, सोसायट्या, एक मंगल कार्यालय आणि भोसरीतले छोटे वर्कशॉप. तिथे विम्याचं नाव कुणी काढत नाही. चोरी झाली की सेक्रेटरी बिल अडकवतो, आपण चकरा मारतो, शेवटी काहीतरी कापून उरलेला चेक हातात पडतो. एजन्सी माझ्या नावावर आहे. धाकटा भाऊ फिल्ड बघतो. मुलं बहुतेक लातूर, बीड, परभणीकडची, त्यांची भाषा त्यालाच जमते. कागद माझ्याकडे, म्हणजे विमाही माझ्याकडेच आला.

आमच्या गाडीचा विमा काढणाऱ्या एजंटाला आधी विचारलं. तो लगेच ‘पब्लिक लायबिलिटी ॲक्ट पॉलिसी’चं कोटेशन घेऊन आला. हप्ता बघून बरं वाटलं. पण १९९१ चा तो कायदा भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेला, घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठीचा. काठी-टॉर्च घेऊन गेटवर उभ्या राहणाऱ्या माणसाशी त्याचा संबंध नाही. खरेदी विभागाने ती पॉलिसी कदाचित चालवूनही घेतली असती, कारण तिथे बऱ्याचदा नाव जुळलं की टिकमार्क होतो. मला ते पटेना. ओळखीतून एका ब्रोकरकडे गेले. एजंट हा विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो. ब्रोकरने ग्राहकाच्या बाजूने काम करायचं असतं आणि त्याचं कमिशन विमा कंपनीच देते.

गार्ड किती, पगार किती, असं काहीतरी तो विचारेल म्हणून मी मस्टर, म्हणजे हजेरीपट, घेऊन गेले होते. त्याने मस्टरकडे बघितलंसुद्धा नाही. “मॅडम, आधी करार दाखवा. पॉलिसीचं नंतर बघू.”

कराराच्या मसुद्यात एक कलम होतं, जे या धंद्यातल्या प्रत्येकाने कुठे ना कुठे सही करून दिलेलं असतं: आवारातून काहीही चोरीला गेलं, हरवलं किंवा साठ्यात तूट आली, तर त्याची पूर्ण किंमत एजन्सीच्या मासिक बिलातून वळती होईल. ब्रोकरने त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाला, यातल्या कशालाच पॉलिसी लागू होणार नाही, एक कोटीची काढा नाहीतर पाच कोटींची.

त्याचं म्हणणं सरळ होतं. लायबिलिटी पॉलिसी कायद्याने येणारी जबाबदारी उचलते: गार्डच्या हलगर्जीपणामुळे तिसऱ्या माणसाला इजा झाली, त्याच्या वस्तूचं नुकसान झालं, अशी. कायदा मागत नसताना आपण करारात सही करून अंगावर घेतलेलं ओझं तिच्यात वगळलेलं असतं. दुसरं, विमाधारकाच्या ताब्यात असलेल्या मालाचं नुकसानही सर्वसाधारणपणे वगळलेलं असतं. आता गोदाम राखणं हेच आमचं काम. उद्या विमा कंपनी म्हणाली की आतला सगळा माल तुमच्याच ताब्यात होता, तर झालंच. यासाठी वेगळी एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली जादा अट) मागून घ्यावी लागते आणि सुरक्षा सेवेतली चूक कव्हर करणारं कलम जोडून घ्यावं लागतं. आणि साठा मोजताना आढळलेली तूट, म्हणजे कधी गेलं, कसं गेलं, कुणी नेलं याचा पत्ता नाही, ती तर फिडेलिटीतही सहसा बसत नाही.

डेबिट नोटबद्दल त्याने सांगितलेलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. विमा कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, अशी अट लायबिलिटी पॉलिसीत असते. आपल्याकडे काय होतं? क्लायंट डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची रक्कम आपल्या बिलातून कापल्याचा कागद, पाठवतो, पुढचं काम जाऊ नये म्हणून आपण गुपचूप सही करतो. ती सही म्हणजेच कबुली. एफआयआर नाही, चौकशी नाही, मग दावा कशाच्या जोरावर करणार?

मी म्हटलं, क्लायंटचा स्वतःचा चोरीचा विमा असेलच ना? असतो, तो म्हणाला, आणि तिथेच तुमची खरी पंचाईत आहे. घरफोडीच्या पॉलिसीत बळजबरीने प्रवेश झालेला असावा लागतो. २००४ मध्ये हरचंद राय चंदन लाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: पॉलिसीच्या व्याख्येत बळाचा वापर असेल, तर नुसत्या चोरीला भरपाई नाही. म्हणजे कुलूप तोडून माल गेला तर क्लायंटला विम्याचे पैसे मिळतात, पण उघड्या गेटमधून, खोट्या गेटपासवर टेम्पो बाहेर पडला तर मिळतीलच असं नाही. मग तो आमच्याकडे वळतो. बरं, कुलूप तोडलेलं असलं तरी आम्ही सुटत नाही. त्याची विमा कंपनी पैसे देते आणि मग त्याच्या जागी उभी राहून आमच्यावर वसुली लावू शकते. सब्रोगेशन म्हणतात ते हेच. त्यामुळे क्लायंटने आपल्या पॉलिसीत आमच्याविरुद्धचा हा हक्क सोडून द्यावा, अशी मागणी करायची असते. मागणारा विरळाच, देणारा त्याहून.

तर विमा काढायला निघालेली मी आधी करार दुरुस्त करायला बसले. खरेदी विभागाचा माणूस पहिल्यांदा ऐकायलाच तयार नव्हता. “मॅडम, हा स्टँडर्ड ड्राफ्ट आहे, सगळे सही करतात.” मी त्याला एवढंच म्हटलं, “साहेब, हे कलम असंच राहिलं तर तुम्ही मागितलेली पॉलिसी मी आणून देते, पण नुकसान झाल्यावर तिच्यातून तुम्हाला रुपया मिळणार नाही.” हे त्याच्या वरच्या साहेबांना समजलं. शेवटी ठरलं ते असं: एफआयआर आणि दोघांची मिळून चौकशी, त्यात गार्डची चूक सिद्ध झाली तरच भरपाई, तिला वरची मर्यादा विम्याच्या रकमेइतकी, आणि साठ्यातली निव्वळ तूट बाहेर. आमच्याविरुद्धचा वसुलीचा हक्क सोडायला त्यांनी नकार दिला. सगळं कुठे मिळतं?

डब्ल्यूसीवरून वेगळाच वाद झाला. त्यांना सगळ्या गार्डांची पॉलिसी हवी होती. पण महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला माणूस ईएसआयमध्ये असतो आणि कामावरच्या अपघाताची भरपाई त्याला तिथूनच मिळते; ईएसआय कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे तो मालकाकडे १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याखाली पुन्हा मागू शकत नव्हता. मग त्याच माणसाचा डब्ल्यूसीचा हप्ता कशाला भरायचा? डबल ड्यूटी करणाऱ्यांबद्दलही शंका होती, पण २१,००० ची मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नव्हते. ईएसआयची वर्गणी मात्र त्यावरही कापावी लागायची. म्हणून डब्ल्यूसी फक्त २१,००० च्या वरच्यांसाठी, म्हणजे सुपरवायझर आणि फिल्ड ऑफिसरसाठी घेतली. हे थोडेच लोक, पण आकडा लहान नसतो. १९२३ च्या त्या कायद्यात तेव्हा मृत्यूची भरपाई म्हणजे पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक, आणि हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरायचा. चाळिशीच्या माणसाला गुणक १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, वर दंड. दंड पॉलिसीतून मिळत नाही. (आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे हे कलम क्रमांक आज कुणी जसेच्या तसे करारात टाकू नयेत.)

फिडेलिटीचा प्रपोजल फॉर्म मात्र घाईत भरू नये. मुळात ही पॉलिसी नोकराच्या अफरातफरीने मालकाचं झालेलं नुकसान भरते. आमचा गार्ड क्लायंटचा माल लंपास करेल तेव्हा नुकसान क्लायंटचं, आमचं नाही! त्यामुळे ‘ग्राहकाची मालमत्ता’ हे शब्द पॉलिसीत लेखी घालून घेतले. फॉर्ममध्ये भरती कशी करता, पडताळणी कोण करतं, तपासणी किती वेळा, असे प्रश्न असतात. भाऊ म्हणाला, “ताई, रोज रात्री राउंड असतो असं लिही.” मी आठवड्यातून दोन असं लिहिलं, कारण तेवढेच खात्रीने होतात आणि राउंडच्या रजिस्टरवर तेवढ्याच सह्या सापडतील. दाव्याच्या वेळी सर्व्हेयर (नुकसान तपासणारा माणूस) फॉर्म आणि रजिस्टर शेजारी ठेवून बघतो. पोलीस पडताळणीचं उत्तर न आलेल्या मुलांची यादीही वेगळी जोडली. त्यांना गोदामावर पाठवलं नाही.

गनमनचा प्रश्न या साइटला नव्हता. आमचे दोन माजी सैनिक एका पतसंस्थेवर आहेत, त्यांचं कव्हर कंपनीने वेगळं मागायला सांगितलं, परवान्याची मुदत आणि क्षेत्र यांच्या प्रतींसह.

हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागला. प्रोप्रायटरी एजन्सी असली तर १ जानेवारी २०१९ पासून नोंदणीकृत क्लायंटला दिलेल्या सिक्युरिटी सेवेचा कर क्लायंटच रिव्हर्स चार्जने, म्हणजे आमच्याऐवजी थेट सरकारला, भरतो, म्हणून त्या कामासाठीच्या हप्त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) आम्हाला मिळत नाही. दर ठरवताना मी ते धरलं नसतं तर आमच्या सर्व्हिस चार्जमधून गेलं असतं. आणि पैसे पोहोचल्याशिवाय कव्हर सुरू होत नाही, विमा कायद्याचं कलम ६४व्हीबी तसं सांगतं. ‘कव्हर नोट पाठवतो, चेक नंतर द्या’ यावर विसंबून गार्ड उभे करायचे नाहीत. आम्ही आधी आरटीजीएस केलं, मग ड्यूटी लावली.

पुढे काही महिन्यांनी गेटचा बूम बॅरियर एका पाहुण्याच्या गाडीच्या बॉनेटवर पडला. गार्डने बटण दाबलं होतं, गाडी अजून पूर्ण आत गेली नव्हती. मी ब्रोकरला फोन केला, फोटो पाठवले, त्या दिवशीच कळवलं. दावा बसतोय, तो म्हणाला, फक्त दुरुस्तीचं बिल एक्सेसपेक्षा, म्हणजे दाव्यातली जी पहिली रक्कम आपणच सोसायची तिच्यापेक्षा, कमी आहे. म्हणजे पैसे आम्हीच द्यायचे. तरी कळवल्याची ईमेल मी फाइलला लावली, कारण नूतनीकरणाच्या फॉर्ममध्ये गेल्या वर्षीच्या घटना विचारतात, आणि पैसे मिळालेल्या दाव्यांवरच थांबत नाहीत.