सहा फुटी सारस, मागून उजेड देऊन

गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, सारस पाहायला बाहेरून माणसं दुर्बिणी घेऊन येतात. गावातल्या पोरांना मात्र तो लांबून दिसणारी राखाडी जोडी एवढाच माहीत असतो, कारण त्याच्या फार जवळ जाता येत नाही आणि जाऊही नये. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच पक्षी हाच. मान ताठ करून उभा राहिला तर जवळपास सहा फूट भरतो. गावच्या वाचनालयात तो त्याच्या खऱ्या उंचीचा लावायचा, असं आम्ही ठरवलं. पोरं अभ्यासाला संध्याकाळी येतात, तेव्हा तो अंधारातही दिसायला हवा. म्हणजे मागून उजेड.

पहिला सल्ला सगळ्यांनी एकच दिला: “फ्लेक्सवर करून टाका ना जी, स्वस्तात होते.” चौकातल्या बोर्डाला फ्लेक्स ठीक आहे. पण त्याच्या आत विणलेली जाळी असते. मागे दिवा लागला आणि माणूस तीन-चार फुटांवर आला की ते धागे दिसायला लागतात, आणि मग पिसं कुठली आणि विणकाम कुठलं ते कळत नाही. म्हणून बॅकलिट, म्हणजे मागून उजेड देण्यासाठीच असलेली, फिल्म घेतली. ती पॉलिएस्टरची असते, साधारण २०० मायक्रॉन जाड, दुधी आणि गुळगुळीत.

फोटो २४ मेगापिक्सेलचा, उभा, म्हणजे उंचीला ६,००० पिक्सेल. साडेसहा फुटांच्या प्रिंटमध्ये इंचाला ७७ पिक्सेल पडतात. हा आकडा ऐकून काही जण बिचकले, पण एवढं मोठं चित्र कोणी नाक लावून बघत नाही. पाच-सहा फुटांवरून डोळ्याची कडासुद्धा स्वच्छ दिसते.

खरी कसोटी लाल रंगाची होती. सारसाचं डोकं आणि मानेचा वरचा भाग बिनपिसांचा, लालभडक. तोच रंग फिका पडला तर पुढचं सगळं वाया. कागदावरच्या प्रिंटमध्ये उजेड शाईतून आत जातो आणि तिच्यातूनच परत बाहेर येतो. बॅकलिटमध्ये तो एकदाच आरपार जातो. त्यामुळे शाई जवळपास दुप्पट लागते, नाहीतर रंग धुतल्यासारखे दिसतात. नागपूरच्या प्रिंटरवाल्याकडे बॅकलिटची वेगळी सेटिंग होती. तरी आम्ही अख्खं चित्र काढण्याआधी फक्त डोक्याच्या पट्ट्या काढून घेतल्या, प्रत्येकीत लाल थोडा कमी-जास्त, आणि त्या घरी आणून आमच्याच एलईडीवर धरल्या. दुकानातल्या ट्यूबवर जी पट्टी सर्वांत छान वाटली होती, ती इथे नारिंगी दिसली. बाजारात सहज मिळणाऱ्या ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या एलईडीत गडद लाल फार थोडा असतो. जे उजेडातच नाही ते शाई कुठून दाखवणार? मग ४००० केल्विनचे, म्हणजे जरा पिवळसर उजेडाचे आणि रंग नीट दाखवणारे, मॉड्यूल (एलईडीचे सुटे छोटे ठोकळे) घेतले. त्यांच्यात अंगाचा राखाडी रंग किंचित पिवळा झाला, तो फाइलमध्येच सुधारून घेतला. माझं ठाम मत आहे: बॅकलिट प्रिंट ज्या दिव्यावर लावायची त्याच दिव्यावर तपासायची. दुकानातल्या उजेडात “झकास” म्हणून पैसे देऊ नयेत.

लॅमिनेशनला घाई अजिबात चालत नाही. शाई इको-सॉल्व्हंट होती. ती बोटाला कोरडी लागते, पण आतलं सॉल्व्हंट, म्हणजे शाई पातळ ठेवणारं द्रावक, अजून उडत असतं. त्यावर लगेच लॅमिनेशन चढवलं तर ते आतच कोंडतं आणि पुढे फुगे येतात, चिकटा सुटतो. आम्ही प्रिंट एक अख्खा दिवस सैल, उघडी टांगून ठेवायला लावली. घट्ट गुंडाळून ठेवलेली प्रिंट कितीही दिवस ठेवा, मधल्या वेढ्यांतून वास जात नाही. मग कोल्ड, म्हणजे न तापवता दाबून चिकटवायचं, लॅमिनेशन, मॅट. मॅट यासाठी की समोरच्या खिडकीची चकाकी पडत नाही, आणि चकचकीत लॅमिनेशन पुढे लावायच्या अ‍ॅक्रिलिकला (काचेसारख्या प्लास्टिकच्या पत्र्याला) टेकलं की तिथे तेल सांडल्यासारखे डाग दिसतात. लॅमिनेशन झाल्यावर प्रिंट तिथेच ट्यूबसमोर उभी धरायची. चिकट्यात हवेचे बारीक बुडबुडे राहिले तर समोरच्या उजेडात ते लपतात, मागून दिवा आला की एकेक बुडबुडा चमकतो, आणि नेमका गडद भागात.

नागपूरहून आणताना शेतातला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कामी आला. लॅमिनेशन केलेली प्रिंट त्यावर गुंडाळायची ती चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून, नाहीतर वरचा थर सुरकुततो.

दिव्यांची पेटी गावच्या वेल्डरने चौकोनी पाइपची केली. आतून पांढरा रंग. एलईडी दिसू नयेत, फक्त उजेड दिसावा, यासाठी पेटीची खोली दोन मॉड्यूलमधल्या अंतराएवढी तरी लागते. आम्ही दोन्ही पाच इंच ठेवलं आणि कडेची रांग पेटीच्या बाजूपासून अडीच इंचांवर घेतली, म्हणजे कोपरे अंधारे राहत नाहीत. साडेसहा बाय साडेतीन फुटांत एक वॅटचे १२० मॉड्यूल बसले. वीजपुरवठ्याचा डबा २०० वॅटचा घेतला, उन्हाळ्यात तो भरगच्च चालवायचा नाही म्हणून. वायर प्रत्येक रांगेला वेगळी दिली; एकाच माळेत सगळे जोडले की शेवटचे मंद पडतात.

समोर दुधी अ‍ॅक्रिलिक, त्यावर प्रिंट, त्यावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. सुताराने पत्रे चौकटीत घट्ट बसवायला घेतले तेव्हा मी थांबवलं.

“फट काहून ठेवता, भाऊ? धूळ जाईन ना आत.”

कारण आपल्याकडे जानेवारीतली पहाट दहा अंशांची आणि मेमधली दुपार पंचेचाळीसची. एवढ्या फरकात साडेसहा फुटी अ‍ॅक्रिलिक जवळपास पाच मिलिमीटर वाढतं. जागा नसली तर ते पोट काढतं. फट चौकटीच्या आत ठेवली आणि बाहेरून फोमची पट्टी लावली. प्रिंट फक्त वरच्या कडेला चिकटवलेली आहे, खाली मोकळी.

धुळीचं मात्र सुताराचं बरोबर होतं. मळणीच्या दिवसांत हे काम करूच नये. दोन पत्र्यांमध्ये धानाचं एक तूस गेलं तरी सारसाच्या छातीवर काळी रेघ दिसते. आम्ही वाचनालयाची फरशी ओली करून, पंखा बंद ठेवून पेटी बंद केली.

किड्यांचा त्रास जास्त चिवट. उष्णता बाहेर जायला वर-खाली छिद्रं हवीतच, आणि पावसाळ्यात दिवा लागला की धानावरचे तुडतुडे झुंडीने येतात. मच्छरजाळीतूनही ते आत शिरले आणि पेटीच्या तळाशी साचले. आता छिद्रांवर दुहेरी मलमल आहे, वेल्क्रोने लावलेली, काढून झटकता येते.

वीज गेल्यावर चित्र काळपट दिसतं. शाई गडद असल्यामुळे ते होणारच. पण मॉड्यूल १२ व्होल्टचे आहेत, म्हणून सोलरच्या बॅटरीवरून, मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट टाकून, ते थेट चालतात. पेटी दहा अँपिअर खाते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी वापरली तरी अभ्यासाची वेळ निघून जाते.

पुढची प्रिंट घरट्याची करा, असं बरेच जण म्हणतात. ती आम्ही करणार नाही; फोटोतल्या धुऱ्यावरून (बांधावरून) आणि झाडांवरून बांधी ओळखू येते, आणि मग तिथे गर्दी होते. त्याऐवजी मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या देवधानाचा, म्हणजे आपोआप उगवणाऱ्या रानटी धानाचा, फोटो निवडला आहे. त्यात हिरवा जास्त आहे, म्हणून पट्ट्या पुन्हा पहिल्यापासून काढाव्या लागतील.