नाटक नसलेली नांदी : राव्हेलची पहिली 'शेहेराझाद'

मंडळी, फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेलनं ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं सगळं आता क्रमानं ऐकायचं, असं मागच्या नोंदीत ठरवलं होतं. 'बोलेरो' आणि 'डाफनिस ए क्लोए' कित्येक वर्षं मनात घर करून आहेत, पण हा माणूस तिथवर पोचला कसा, हे कधी मुळापासून ऐकलं नव्हतं. पहिल्याच रचनेवर पाच आठवडे मुक्काम पडला आहे आणि अजून पाय निघत नाही. म्हणून ही लांबलेली नोंद.

आधी एक घोळ सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. 'शेहेराझाद' असं नाव शोधलं, लावलं, तर एक गायिका गायला लागली. ती १९०३ ची गीतमाला, ट्रिस्टान क्लिंगसोरच्या तीन कवितांवरची. पहिल्या गाण्यात इराण, मग हिंदुस्थान, मग चीन पाहायची आस आहे. फार सुंदर आहे, पण मला हवी होती ती ही नव्हे. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हची १८८८ ची 'शेहेराझाद' तर शोधताना सारखी मध्ये येते. राव्हेलची पहिली 'शेहेराझाद' १८९८ ची आहे, तिच्यात गायन नाही, आणि तिच्या नावापुढे 'ऊव्हेर्त्यूर द फेएरी' असं येतं. हे शब्द घालून शोधा.

ऊव्हेर्त्यूर (इंग्रजीत ओव्हर्चर) म्हणजे पडदा वर जाण्याआधी ऑर्केस्ट्रा वाजवतो ते, आणि फेएरी म्हणजे परीकथा. आपल्या संगीत नाटकात त्या जागी नांदी असते. शेहेराझाद म्हणजे 'अरेबियन नाइट्स'मध्ये राजाला रोज रात्री गोष्ट सांगणारी बाई, आणि राव्हेलच्या डोक्यात त्यावर एक ऑपेरा घोळत होता. ऑपेरा झालाच नाही. नाटकावाचूनची ही नांदी तेवढी मागे राहिली, साधारण १३ मिनिटांची. लिहिली तेव्हा तो २३ वर्षांचा होता आणि संगीतकार फोरेकडे शिकत होता.

२७ मे १८९९ ला पॅरिसमध्ये सोसिएते नासिओनाल द म्युझिकच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा वाजली. कंडक्टर स्वतः राव्हेल. सभागृहात शिट्ट्या झाल्या. आपल्याकडे शिट्टी म्हणजे दाद, तिथे शिट्टी म्हणजे निषेध. टाळ्याही पडल्या, आणि शिट्ट्यांपेक्षा जास्तच पडल्या. आपल्याला दोनदा रंगमंचावर परत बोलावलं, असं त्यानं मित्राला, फ्लोराँ श्मिटला, पत्रात कळवलंय. 'विली' या टोपणनावानं लिहिणाऱ्या समीक्षकानं मात्र धुऊन काढलं: रशियन मंडळींची ओबडधोबड नक्कल, वर फ्रेंच संगीतकार देब्युसीची छाप. हा विली म्हणजे लेखिका कोलेटचा नवरा. पुढे तीच कोलेट, विलीपासून वेगळी झाल्यावर, राव्हेलच्या 'लाँफाँ ए ले सोर्तिलेज'ची संहिता लिहिते आणि १९२५ मध्ये तो ऑपेरा माँटे कार्लोला उभा राहतो. त्यात खुर्च्या बोलतात, किटली बोलते, झाडं कण्हतात. १८९८ मध्ये अर्धवट राहिलेली परीकथा त्याला २७ वर्षांनी त्या घरातून मिळाली, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून होते.

ओव्हर्चर मात्र बासनातच राहिलं. १९३७ मध्ये राव्हेल गेला तेव्हाही ते छापलेलं नव्हतं. स्वरलिपी प्रसिद्ध झाली १९७५ मध्ये, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर ७६ वर्षांनी.

आता ऐकण्याबद्दल.

पहिले दोन आठवडे माझा कान एकाच जागी अडकला, आणि त्याचं कारण खुद्द राव्हेल. पुढे कित्येक वर्षांनी त्यानं आपल्या आठवणी सांगितल्या. त्यात या रचनेबद्दल तो म्हणतो की बांधणी कच्ची आहे आणि होल-टोन सप्तक (सगळे सूर एकेका पूर्ण स्वराच्या अंतरावर असलेलं) इतकं भरलंय की जन्मभर पुरलं. ऐकण्याआधी हे वाचलं असल्यामुळे मी ते होल-टोनच शोधत बसले. आलं, पुन्हा आलं, पुन्हा आलं. बाकी सगळं कानाबाहेर.

तिसऱ्या आठवड्यात पेटी काढली. ज्यांना हे सप्तक नुसतं ऐकून माहीत आहे त्यांनी एकदा बोटांनी जरूर वाजवून पाहावं. पांढरी एकला षड्ज धरा. पांढरी एक, दोन, तीन, आणि तिथून सरळ काळी तीन, चार, पाच. संपलं सप्तक. सहाच सूर: सा, शुद्ध रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. प्रत्येक दोन सुरांत सारखंच अंतर, पूर्ण स्वराचं. शुद्ध मध्यम नाही, पंचम नाही.

मी हेच वरखाली घोळवत होते आणि आई समोर लसूण सोलत बसली होती.

"अगं, हे कुठे बसतच नाहीये."

म्हटलं, पंचमच नाहीये यात.

"पंचम नाही म्हणून काय झालं? मालकंसात कुठे आहे? पण तिथे मध्यमावर टेकता येतं. मारव्यात षड्ज लपवतात, पण लपवायला तो असावा लागतो. तुझ्या या प्रकारात षड्ज कुठला तेच कळत नाहीये."

आईनं जे एका वाक्यात सांगितलं ते तपासायला मी मूर्च्छना करून पाहिली. भूपाचे पाच सूर घ्या आणि षड्ज सरकवत न्या: गांधाराला सा केलं की मालकंस, पंचमाला केलं की दुर्गा, धैवताला केलं की धानी. षड्ज हलला की घर बदलतं. या सहा सुरांत कुठल्याही पट्टीला सा म्हणा, तेच सप्तक परत हाती येतं. बदलायला घरच नाही. आणि पेटीवर अशी सप्तकं मुळात दोनच: एक हे, आणि दुसरं उरलेल्या सहा पट्ट्यांचं, काळी एक, काळी दोन आणि चार पांढऱ्या. बारा सुरांचे दोन सारखे वाटे. कर्नाटक पद्धतीत या सुरांचा गोप्रिया नावाचा राग आहे. आपल्या उत्तरेकडच्या रोजच्या मैफलीत मात्र हे कानावर पडत नाही.

फ्रेंचांनी हे शोधलं असंही नाही. रशियन संगीतकार ग्लिंकानं १८४२ च्या 'रुस्लान आणि ल्युदमिला' या ऑपेरात दुष्ट जादूगार चेर्नोमोरसाठी हेच सप्तक वापरलं होतं, इतकं की रशियात त्याला चेर्नोमोरचं सप्तकच म्हणतात. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनात रिम्स्की-कोर्साकोव्हनं पॅरिसला येऊन रशियन संगीताच्या दोन मैफली केल्या, तेव्हा राव्हेल १४ वर्षांचा होता आणि त्याच शहरात राहत होता. दुसरीकडे देब्युसीचं 'प्रेल्यूद आ लाप्रे-मिदी दँ फोन' १८९४ पासून वाजत होतं. म्हणजे विलीनं दाखवलेली दोन्ही बोटं योग्य दिशेला आहेत. पण नक्कल म्हणणं मला पटत नाही. जादू चालू झाली की जमीन काढून घ्यायची, हे राव्हेलला नेमकं कळलेलं होतं. चूक झाली असेल तर प्रमाणात. इतक्या वेळा जमीन काढून घेतली की ऐकणारा घाबरायचं थांबतो.

आणि इथेच मला ती दुसरी गोष्ट दिसली, जिच्यासाठी ही नोंद लिहायला घेतली.

१८९९ च्या कार्यक्रमासाठी राव्हेलनं रचनेचा छोटा नकाशा दिला होता. सुरुवातीला ओबो या फुंकवाद्यावर शेहेराझादची थीम, मग ती हॉर्न आणि ट्रंपेट घेतात. पुढे मुख्य भाग: पहिली थीम बी मायनरमध्ये. तिच्यातूनच निघालेला एक मधला तुकडा म्यूट लावलेल्या, म्हणजे आवाज दबवलेल्या, ट्रंपेटवर. तो आपल्याला दुसऱ्या थीमपाशी नेतो. ती एफ शार्प मेजरमध्ये, एका इराणी सुरावटीवरून सुचलेली. मग विस्तार. शेवटी पहिली आणि दुसरी थीम एकाच वेळी, आणि सुरुवातीचा भाग परत येऊन समाप्ती.

आता हे पेटीवर मांडा. बी म्हणजे पांढरी सात, ती षड्ज. एफ शार्प म्हणजे काळी तीन. पांढरी सातचा पंचम! मायनरमध्ये सुरू झालेल्या रचनेची दुसरी थीम साधारणपणे कोमल गांधाराला षड्ज मानून मेजरमध्ये जाते, तसा जुना रिवाज. राव्हेल तो धरत नाही. तो थेट पंचमावर जाऊन बसतो. जो सूर त्या सहा सुरी सप्तकात नाही म्हणून आई कुरकुरत होती, पांढरी सातला षड्ज धरून ते सप्तक वाजवलं तर नेमकी जी पट्टी सुटते, तिच्यावर त्यानं इराणी सुरावटीला घर बांधून दिलंय. ठरवून केलं की हातून झालं, यात मला रस नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की त्या संध्याकाळपासून दुसरी थीम सुरू झाली की माझे खांदे खाली येतात. आधी ती नुसती गोड वाटायची. आता ती पोचल्यासारखी वाटते.

कच्च्या बांधणीचं म्हणाल तर ती आहे. विस्तारात तुकडे एकमेकांना चिकटवल्यासारखे वाटतात, मोठा आवाज चढतो आणि ज्याच्यासाठी चढला ते येत नाही. पण वाद्यं हाताळण्यात हा मुलगा २३ व्या वर्षी अर्धा 'डाफनिस' आहे. दोन हार्प आणि त्यांच्याखाली थरथरणारी व्हायोलिनं ऐका. शेहेराझादचा आवाज त्यानं ओबोला दिलाय हेही बघा. रिम्स्कीनं एकट्या व्हायोलिनला दिला होता, आणि तिथे ती राजाला रिझवणारी, शब्दांवर हुकमत असलेली बाई आहे. ओबोतली शेहेराझाद मला जास्त एकटी वाटते, पहिल्या रात्री बोलायला सुरुवात करणारी.

रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात. झाँ मार्तिनों आणि ऑर्केस्त्र द पारी, १९७४ चं, छापील प्रत निघाली त्याच सुमाराचं. यातला ओबो मला सगळ्यात आवडतो, जरा नाकातला, धारदार. लेनर्ड स्लॅटकिन आणि लियाँचा ऑर्केस्ट्रा अलीकडचं, त्यात खालचे सूर स्वच्छ ऐकू येतात, त्यामुळे पेटी घेऊन बसायचं असेल तर हे घ्या. रोज आधी स्लॅटकिन, झोपताना मार्तिनों, असा माझा पाच आठवड्यांचा शिरस्ता.

चौथ्या आठवड्यापासून एकच ध्येय होतं: शेवटच्या भागात दोन्ही थीम एकत्र ऐकू आल्या पाहिजेत. नकाशात लिहिलंय म्हणून मान डोलवायची नाही, खरंच दोन्ही. जितकं लक्ष देऊन ऐकावं तितकी एकच हाती लागायची. मग पद्धत बदलली. दिवसभर, भाजी चिरताना, बसमध्ये, फक्त दुसरी थीम गुणगुणायची, इतकी की ती कानाला आपसूक यावी. पहिलीला हातही लावायचा नाही. सात दिवस हे केलं. परवा, गुरुवारी रात्री, ती जागा आली, मी दुसरीचा हात धरून चालले होते, आणि पहिली शेजारून गेली. अंगावर काटा आला. मागे नेऊन पुन्हा ऐकलं, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आईच्या कानाला हेडफोन लावले, काही न सांगता. ती ऐकत राहिली आणि तिनं दोन बोटं वर केली.

आता उरलाय तो विस्ताराच्या भागातला धरून ठेवलेला खर्ज. राव्हेलनं कार्यक्रमासाठी दिलेल्या नकाशात त्याचा मुद्दाम उल्लेख आहे: पहिलीच थीम लांबवून त्यावर मांडलेली. आपल्या कानाला तर ही तंबोऱ्याचीच जागा, तरी खर्जाकडे लक्ष दिलं की वरची लांबवलेली थीम हातून सुटते. पुढच्या आठवड्यात फक्त तेवढ्यासाठी बसणार आहे, तीच युक्ती करून: यावेळी पहिली थीम निम्म्या लयीत गुणगुणायची. यादीत पुढचं नाव 'सेमिरामिस', विद्यार्थिदशेतलंच, ते तर २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला कंडक्टर दुदामेलनं पहिल्यांदा लोकांसमोर आणलं. ते थांबेल. खर्जाची जागा कोणाला आधीच सापडली असेल तर कुठल्या वाद्याला धरून चाललात ते कळवा, पण मिनिट-सेकंद सांगू नका. ती जागा मला स्वतः शोधायची आहे.