पांडवलेणी: मागच्या भिंतीकडे बघत

जन्म नाशिकचा, पण इथली पांडवलेणी, म्हणजे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी, शाळेच्या सहलीनंतर नीट पाहिलीच नव्हती. परवा आई-बाबांना घेऊन गेले. मुंबई नाक्यावरून रिक्षा केली आणि फाळके स्मारकाशी उतरलो. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून सकाळी लवकरच पायऱ्या धरल्या आणि बसत-उठत चढलो. घरात वयस्कर कोणी असेल तर उन्हं वर येण्याआधी चढा.

लेणी 24 आहेत. आकड्यांच्या क्रमाने जाऊ नका, दमायला होतं. 10, 3, 18 आणि 20 ही चारच निवांत बघा, याच क्रमाने.

दहावं क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याने कोरवून घेतलं. ओसरीतल्या खांबांवर घंटेच्या आकाराची शीर्षं आणि त्यावर प्राणी. त्याच्या एका लेखात नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे (संघाकडे) 2000 कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा 1 व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. त्या व्याजातून इथल्या 20 भिक्षूंना चीवरांसाठी (वस्त्रांसाठी) प्रत्येकी 12 कार्षापण मिळायचे. वर्षाचं व्याज 240, हिशेब चोख जुळतो! आत मागच्या भिंतीवर मात्र भैरव उभा आहे. तो तिथे कसा, हे आम्हाला आधी उमगलं नाही.

तिसरं सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचं. तिच्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, नहपानाचा पाडाव केला. नातू पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षातल्या लेखात ती मुलाला ‘खखरातवंसनिरवसेसकर’ म्हणते, क्षहरात वंश, म्हणजे नहपानाचा वंश, निःशेष करणारा. आईचा अभिमान दगडातून अजून ऐकू येतो. गंमत अशी की खांब मात्र शत्रूच्या दहाव्या लेण्यासारखेच करवले. ओसरीखाली तुळया खांद्यावर घेतलेले सहा धिप्पाड पुरुष आहेत, ते वाकून बघा. मागच्या भिंतीवर छत्रासह उठावात कोरलेला स्तूप आहे. बुद्धाची मूर्ती नाही. त्या काळी इथे पूजा स्तूपाचीच.

अठराव्या चैत्यगृहातही (प्रार्थनागृहातही) स्तूपच. तिथे दहा मिनिटं गप्प बसा.

विसाव्यात चित्र पालटतं. नंतरचा सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याच्या सातव्या राज्यवर्षातला लेख ओसरीत आहे, पण आत गाभाऱ्यात पाय खाली सोडून बसलेला भव्य बुद्ध आहे, तो पुढच्या काही शतकांनंतरच्या महायान काळातला, म्हणजे बुद्धाची मूर्ती पुजणाऱ्या बौद्ध पंथाच्या काळातला. उजेड अगदी कमी, बॅटरी न्याच. मूर्तीवर समोरून झोत टाकू नका, बाजूने तिरका धरा. उठाव तेव्हाच कळतो.

उतरण्याआधी आम्ही पुन्हा दहाव्यात गेलो. तुम्हीही जा. तिसऱ्यातला स्तूप डोळ्यांत ताजा होता. आईने बॅटरी भैरवाच्या डोक्यावर धरली आणि म्हणाली, “अगं, छत्री तीच आहे की!” स्तूप तासून भैरव केला होता, पण वरचं छत्र आणि बाजूच्या पताका तशाच राहिल्या होत्या.