रिकामी कोंदणं

१९९८ साली लंडनमधल्या एका जुन्या दागिन्यांच्या दुकानात कार्तिए या पॅरिसच्या नामांकित जवाहिऱ्यांच्या पेढीतल्या एका जाणकाराला प्लॅटिनमच्या साखळ्या दिसल्या. मोठे खडे सगळे काढून नेलेले. तरी त्याने ओळखलं, की हा पतियाळाच्या महाराजांचा हार.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री झोप लागली नाही. मी दागिन्यांची दुरुस्ती करते, अप्पांच्या हाताखाली शिकले. पहिल्या वर्षी अप्पा मला खडे काढून घेतलेले दागिने द्यायचे आणि विचारायचे, "यात काय होतं, सांग." खडा धरणारी धातूची नखं किती उंच आहेत, कुठे वाकलीत, खडा जिथे बसतो ती बैठक केवढी खोल आहे, मागची बाजू उघडी ठेवलीय की बंद केलीय, एवढ्यावरून गेलेल्या खड्याचा अंदाज बांधता येतो. मला ते जमायला दोन वर्षं लागली. म्हणून त्या लंडनच्या माणसाचा हेवा वाटला, आणि मग कार्तिए घराण्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले.

सुरुवात तशी साधी आहे. १८४७ मध्ये लुई-फ्रांस्वा कार्तिए या पॅरिसच्या कारागिराने आपले उस्ताद अदॉल्फ पिकार यांची कार्यशाळा स्वतःकडे घेतली. पुढे नेपोलियनच्या घराण्यातली राजकन्या मातिल्द गिऱ्हाईक झाली, दुकान चांगल्या वस्तीत गेलं, मुलगा आल्फ्रेदने कारभार हाती घेतला. १८९९ मध्ये र्यू द ला पे या रस्त्यावर दुकान थाटलं तेव्हा आल्फ्रेदचा थोरला मुलगा लुई भागीदार झालेला होता. माझ्यासाठी खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण इथे प्लॅटिनम येतं.

त्या काळापर्यंत युरोपात हिरे बहुतेक चांदीत बसवत. सोन्याची पिवळी झाक हिऱ्यात उतरते, म्हणून चांदी. पण चांदी काळी पडते आणि मऊ असते. मऊ धातूने खडा धरायचा तर धातू जाड लागतो, त्यामुळे दागिना जड होतो आणि हिऱ्यापेक्षा चांदीच जास्त दिसते. शिवाय कपड्यांना डाग पडू नयेत म्हणून मागे सोन्याचा पत्रा. प्लॅटिनम काळं पडत नाही आणि केसासारखी तार काढली तरी ती खडा सोडत नाही. अडचण एकच, ते वितळायला १७६८ अंश सेल्सिअस लागतं. सोनं १०६४ ला वितळतं, चांदी ९६१ ला. सोनाराची नेहमीची फुंकणी तिथे हात टेकते. प्लॅटिनम कार्तिएंनी शोधलं नाही, इतर कारागिरांनाही ते माहीत होतं. पण लुईने ते नुसतं वापरलं नाही, त्याच्या अंगाने दागिन्याची कल्पनाच बदलली. चित्रकारांना वह्या घेऊन पॅरिसच्या रस्त्यांवर पाठवलं, जुन्या इमारतींवरच्या माळा, लोखंडी कठड्यांची नक्षी टिपायला. त्यातून जे हार घडले ते गळ्यावर घातलेल्या लेससारखे आहेत. कडेला अगदी बारीक रव्यांची ओळ, बाकी धातू जवळजवळ दिसतच नाही. एकदा एका जुन्या हाराची तुटलेली प्लॅटिनमची कडी जोडायला माझ्याकडे आली होती. भिंगाखाली धरली आणि कितीतरी वेळ तशीच बघत राहिले.

लुईचे दोन धाकटे भाऊ. पिएर न्यूयॉर्कला गेला, जाक लंडनला. तिघांनी तीन शहरं वाटून घेतली आणि एकमेकांना पत्रं लिहीत राहिले. त्यातली बरीच पत्रं जाकची पणती फ्रान्चेस्का हिला २००९ मध्ये आजोबांच्या तळघरातल्या एका पेटीत सापडली. ती शॅम्पेनची बाटली शोधायला गेली होती.

न्यूयॉर्कच्या दुकानाची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १९१७ मध्ये पिएरने फिफ्थ अव्हेन्यूवरची हवेली घेतली ती शंभर डॉलर आणि मोत्यांच्या दुपदरी हाराच्या बदल्यात. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर. मग जपानी मोत्यांची शेती जगभर पसरली, नैसर्गिक मोत्यांचा भाव कोसळला, आणि १९५७ मध्ये तो हार दीड लाखाच्या आसपास विकला गेला. हवेली अजून कार्तिएकडेच आहे. ही गोष्ट पिएरच्या हुशारीची म्हणून सांगतात. मला मात्र हवेलीच्या मालकीणबाईंचं वाईट वाटत नाही. त्यांना तो हार मनापासून हवा होता.

जाक मला तिघांत जवळचा वाटतो. १९११ च्या दिल्ली दरबारासाठी तो हिंदुस्थानात आला, पुढे मोत्यांसाठी बहरीनपर्यंत गेला. इथल्या जवाहिऱ्यांकडे त्याला पाचू, माणिक, नीलम यांची कोरलेली पानं-फुलं मिळाली. युरोपात खड्याला पैलू पाडत, इथे त्यावर कोरीव काम होत होतं. कार्तिएंनी ती पानं पुन्हा न घासता तशीच प्लॅटिनमच्या फांद्यांवर बसवली. दुसऱ्याच्या हातचं काम जसंच्या तसं ठेवून त्याला नवं कोंदण करणं, याला फार मोठं मन लागतं. तसल्या बांगड्यांचे फोटो मी पुन्हापुन्हा काढून बघते.

पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांनी स्वतःच्या खजिन्यातली रत्नं पॅरिसला दिली. १९२८ मध्ये हार पुरा झाला. पाच पदर, २,९३० हिरे आणि मधोमध २३४.६५ कॅरेटचा पिवळसर 'डी बीअर्स' हिरा. १९४८ च्या सुमारास हार नाहीसा झाला. १९८२ मध्ये तो पिवळा हिरा एकटाच जिनिव्हाच्या लिलावात आला, आणि सोळा वर्षांनी साखळ्या लंडनला सापडल्या.

तोवर कार्तिए घराण्याच्याही हातून त्यांची पेढी सुटलेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जाक आणि लुई काही महिन्यांच्या अंतराने गेले. पुढच्या पिढीने साठच्या दशकात न्यूयॉर्क आणि पॅरिसची दुकानं विकली, १९७४ मध्ये लंडनचं. मला वाटतं ते होणारच होतं. पत्रांवर चालणारी भागीदारी पत्रं लिहिणाऱ्यांबरोबर संपते.

नव्या मालकांच्या कार्तिएने त्या साखळ्या विकत घेतल्या आणि काही वर्षं खपून हार पुन्हा उभा केला. हरवलेल्या खड्यांच्या जागी कृत्रिम खडे, मधल्या मोठ्या हिऱ्याच्या जागी त्याची नक्कल. काही लोक त्याला खोटा हार म्हणतात तेव्हा मला राग येतो. कारागिरांच्या हातचं जे होतं ते अजून तिथेच आहे.

अप्पांची नजर आता अधू झाली आहे. मागच्या महिन्यात त्यांना हाराचा फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला आणि ही सगळी हकिकत सांगितली. बराच वेळ ते बोटाने पदर मोजत राहिले. मग विचारलं, "बैठका कोणी केल्या? नाव दिलंय?"

मी वाचलेलं सगळं पुन्हा चाळलं. महाराजांचं नाव आहे, तिन्ही भावांची आहेत, हिऱ्यालासुद्धा स्वतःचं नाव आहे.