पेस्टवाली टोळी

ऑक्टोबर छाटणीचे दिवस. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या दवाखान्यासमोर रात्री पिकअप थांबली आणि चौघांना उतरवलं. सुरगाण्याकडून द्राक्षबागेत आलेली टोळी. चेहरा, मान, छाती लालबुंद, धाप, उलट्या. एकाची तर नाडी हाताला लागेना. तोंडाला दारूचा वास. "दारूच खराब असंल साहेब," मुकादम म्हणाला. मलाही तेच वाटलं. डोळ्यांपुढे पोलीस, पंचनामा, पेपर.

मॅडमनी सलाईन लावलं आणि मला पिटाळलं, "टोळीत कोण कोण प्यायलं आणि दिवसभर कोणी काय काम केलं, विचारून या."

शेडवर सात जण होते. त्याच कॅनमधली दारू प्यायलेले तिघं चुलीपाशी निवांत भाकरी खात होते. ते नुसते छाटणीवाले. पेस्ट लावणाऱ्या चार बायकांनी दारू घेतलीच नव्हती. त्यांच्या फक्त हातांची आग होत होती. दवाखान्यातल्या चौघांनी मात्र पेस्टही लावली होती आणि दारूही प्यायली होती.

काडीचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर ही पेस्ट लावतात. तिच्यात हायड्रोजन सायनामाइड हे रसायन असतं. ते अंगात भिनलं की दारूचं पचन अर्ध्यावर अडतं आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साचतं. दारू सोडवायच्या काही गोळ्या अशाच चालतात. म्हणजे हे चौघं दिवसभर कातडीतून ती गोळीच घेत होते, नकळत.

"हातमोजे दिलेत की," मुकादम म्हणाला. एका बाईने तिचा उलटा करून दाखवला. अंगठ्याशी फाटलेला, आतून पेस्टच्या रंगाने लालभडक.

सकाळी चौघं उठून बसले. पेस्ट लावल्यावर काही दिवस दारूला शिवायचं नाही, हे मी टोळीला बजावलं. अंगदुखीने मोडलेल्या माणसाला असं सांगून किती उपयोग होतो, ते मला ठाऊक आहे. म्हणून बागायतदाराकडे हट्ट धरला: रोज हातमोज्यांची नवी जोडी आणि ओळीच्या टोकाला पाणी-साबण. तो हो म्हणाला. मुकादमाने मात्र त्याहून स्वस्त तोड काढली: पेस्टचं काम फक्त बायकांना. त्या पीत नाहीत!

दारूचा पेशंट त्या बागेतून पुन्हा आला नाही. आमच्या रजिस्टरात हे यशच दिसतं. हातांची आग होते म्हणून कुणी पिकअप करून आणत नाही.

यंदा छाटणीत त्यातली एक बाई तापाच्या लेकराला घेऊन ओपीडीत आली. केसपेपर घ्यायला तिने पदराखालून हात काढला. बोटांची सालं निघालेली होती.