जिताड्याचा हंगाम: खारेपाटातली तळी आणि रेवदंड्याची खाडी

दिवाळीनंतर सुरू केलेला हंगाम मे अखेरीस बंद केला. रीळं गोड्या पाण्यात धुऊन, तेल देऊन कपाटात गेली आहेत. यंदा ठरवून एकाच माशाच्या मागे राहिलो: जिताडा. आपल्यापैकी बरेच जण अलिबाग-रेवदंड्याच्या याच पट्ट्यात गरी टाकतात, म्हणून वहीतल्या कामाच्या नोंदी इथे मांडतो आहे.

जिताडाच का, तर हा एकच मासा असा आहे जो मला सकाळी पाळलेल्या माशांच्या तळ्यात आणि त्याच संध्याकाळी उघड्या खाडीत भेटू शकतो. पोयनाडजवळच्या तळ्यावरून निघालं की तासाभरात रेवदंड्याच्या पुलावर. आणि दोन्हीकडचे मासे मुळात एकाच घरचे. जिताडा पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्लं भरतीच्या पाण्याबरोबर आत सरकतात, खाजणात (भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत), तिवरांच्या मुळांत, पार भातखाचरापर्यंत. अलिबाग-पेणच्या खारेपाटातली (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली) माणसं पिढ्यान्‌पिढ्या ही पिल्लं धरून घराशेजारच्या तळ्यात सोडत आली आहेत. आता हॅचरीचं (अंडी उबवून पिल्लं वाढवणाऱ्या केंद्राचं) बीजही मिळतं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं प्रजनन नियंत्रित परिस्थितीत करून दाखवलं, त्यानंतर तो रस्ता मोकळा झाला. पण खारेपाटातले जुने तळेवाले अजूनही खाडीच्या पिल्लालाच जास्त मानतात.

तळं

ज्या तळ्यावर मी बसतो ते एका ओळखीच्या काकांचं आहे. पावसाच्या पाण्याने भरतं, एका बाजूला नारळ, दुसऱ्या बाजूला दगडी पायऱ्या. जिताड्याच्या पोटासाठी तिलापिया आणि बारीक मासळी आत सोडलेली. काका पिल्लं आकार बघून निवडून टाकतात, कारण या माशाला आपलं-परकं कळत नाही. एक मोठा झाला की बरोबरीचे लहान फस्त करतो. नियम सरळ आहे. आधी विचारून जायचं, धरलेला मासा न्यायचा असेल तर काट्यावर तोलून किलोप्रमाणे पैसे द्यायचे, नाहीतर परत सोडायचा.

तळ्यात मासा आहे हे माहीत असतं, म्हणून तळं सोपं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. खाडीत पाणी मासा हलवतं. तळ्यात पाणी थांबलेलं, त्यामुळे मासा कुठे आहे ते तुम्हालाच शोधावं लागतं. यंदा दोन गोष्टी पक्क्या कळल्या. पहिली, सावली. ऊन चढल्यावर जिताडा पायऱ्यांच्या कडेला, पाण्यात वाकलेल्या झावळीखाली जाऊन उभा राहतो, आणि तिथून फारसा हलत नाही. दुसरी, वारा. दुपारी वारा सुटला की तो ज्या कोपऱ्यात पाणी ढकलतो तिथे बारीक मासळी गोळा होते आणि मागोमाग जिताडा येतो. वाऱ्याकडे तोंड करून गरी टाकायला कंटाळा येतो, पण मासा तिथेच मिळाला.

पौष-माघातल्या नोंदी मात्र जवळजवळ कोऱ्या आहेत. हा उष्ण पाण्यातला मासा. पाणी २५ अंशांखाली उतरलं की खाणं कमी करतो. त्या दिवसांत पहाटे जाण्यात अर्थ नाही. दुपारी दोननंतर, उन्हाने वरचा थर तापल्यावर थोडीफार हालचाल दिसते. फाल्गुनापासून चित्र बदललं.

त्या बदलाचा एक क्षण लिहून ठेवलाय. चार इंची रबरी शॅड (माशाच्या आकाराचं नकली आमिष) पायऱ्यांच्या समांतर टाकला, तळाला बसू दिला, दोन वळसे रीळ, मग थांबलो. शॅड हळूहळू खाली जात असताना तंगूस (गळाची दोरी) वीतभर आडवा सरकला. काही ओढ नाही, झटका नाही, नुसता सरकला. जिताडा चावत नाही; तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढतो. पाण्याच्या वर असेल तर ‘बुप्प’ असा आवाज येतो, खाली असेल तर एवढंच दिसतं. हात आवळला आणि पुढच्या श्वासाला तो पूर्ण पाण्याबाहेर, डोकं दोन्हीकडे झाडत, कल्ले फाकलेले. उडी मारताना रॉडचं टोक खाली न्यायचं हे इतकं अंगवळणी पडलंय की आता विचार करावा लागत नाही. पावणेतीन किलो भरला. तो काकांच्याच घरी गेला, त्यांच्याकडे पाहुणे होते.

मुंबईकडच्या मित्रांसाठी थोडं कटल्याबद्दल. माझा एक दोस्त पवईवर बसतो. १८९१ मध्ये बांधलेलं ते तळं आता पिण्याच्या पाण्यासाठी वापरात नाही, पण कटला, रोहू, मृगळ यांसाठी शौकीन अजूनही तिथे जातात. त्याच्याबरोबर बसल्यावर कटल्याचं वेगळं शास्त्र लक्षात आलं. कटल्याचं तोंड वरच्या दिशेने उघडतं, तो पाण्यातलं बारीक अन्न गाळून खातो. म्हणून पेंड, बेसन आणि पावाचा गोळा असा मळायचा की पाण्यात तो हळूहळू सुटून ढग झाला पाहिजे, आणि त्या ढगाभोवती लहान गळ लोंबत राहिले पाहिजेत. फार घट्ट मळला तर कटला फिरकत नाही, फार सैल मळला तर फेकतानाच फुटतो. हे तिन्ही मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणूनच तळ्यात बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पुन्हा पुन्हा सोडावी लागते. आणि ती वाट्टेल तेवढी मिळते यामागे डॉ. हिरालाल चौधरी आहेत. १० जुलै १९५७ रोजी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातल्या अंगुलला पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्पचं, म्हणजे कटला-रोहूच्या कुळातल्या माशांचं, प्रजनन घडवलं. देशभर १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. कुठल्याही तळ्यावर कटला लागला की मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

खाडी

वहीची बहुतेक पानं खाडीची आहेत, आणि ती बहुतेक पाण्याविषयी आहेत.

तिथीला पाऊणने गुणलं की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते, हा हिशोब आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मी यंदा त्यापुढे सूर्य मांडला. जिताडा, तांबोशी, रावस हे तिन्ही कमी उजेडात जास्त खातात, आणि उतरत्या पाण्यात जास्त खातात. म्हणजे मला अशी तिथी हवी जिच्यात अर्धी ओहोटी सूर्य मावळण्याच्या वेळी पडेल. चतुर्थीला भरती तीनला, पंचमीला पावणेचारला. साडेसहाला उजेड जातो तेव्हा पाणी निम्मं उतरलेलं असतं आणि सर्वांत जोरात वाहत असतं. भरतीओहोटीचं चक्र साडेबारा तासांच्या आसपास असल्याने त्याच दिवसांत पहाटेही हाच मेळ बसतो. आणखी एक फायदा: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी गढूळ होतं, ओढही इतकी असते की शिसं जागेवर राहत नाही, अष्टमीच्या भांगेला (भरतीओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा) पाणी हलतच नाही. चतुर्थी-पंचमीला ओढ पुरेशी आणि पाणी बऱ्यापैकी निवळलेलं. शुद्ध आणि वद्य दोन्ही पंधरवड्यांत हे दिवस येतात. फाल्गुन ते वैशाख या काळातले माझे सगळे चांगले मासे याच तिथींच्या आजूबाजूचे आहेत.

जागा दोन. कुंडलिकेवरचा रेवदंडा-साळाव पूल सगळ्यांना माहीत आहे. खांबांमागे पाणी जिथे वळतं तिथे मासा उभा असतो. पण माझी आवडती जागा म्हणजे खारबांधाची उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. ओहोटीला उघाडीतून खाजणातलं पाणी बाहेर पडतं आणि त्याच्याबरोबर करंदी, बोईट, निवट्या असं सगळं वाहून येतं. बाहेरच्या खड्ड्यात जिताडा तोंड वर करून थांबलेला असतो. इथे बसणाऱ्या एका आगरी काकांनी मला पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, “भरती उतरू दे, मंग टाक.” ते स्वतः भरती उतरेपर्यंत बिडीसुद्धा पेटवत नाहीत. हातदोरी, एक गळ, जिवंत बोईट. बोईट पाठीच्या परापुढे टोचायचं, म्हणजे ते पाण्याच्या ओढीला तोंड करून पोहत राहतं. त्यांचे मासे माझ्यापेक्षा मोठे असतात आणि ते न्याय्यच आहे.

उघाडीवर टॉर्च पाण्यात मारू नका. रात्री जिताड्याचे डोळे लालभडक चमकतात, बघायला सुंदर दिसतं, पण मासा बिथरतो. टॉर्च गाठ मारण्यापुरता, तोही पाण्याकडे पाठ करून.

वैशाखातल्या वद्य पंचमीला उघाडीवर लागलेला २८ इंची जिताडा हा यंदाचा सर्वांत मोठा. वजन चार किलोच्या आसपास असावं. गळ त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात होता, पाच फूट लीडर (गळाजवळची जाड दोरी) सगळा खरवडलेला. त्याला चिखलावर न ठेवता ओल्या हातांनी पोटाखाली आधार देऊन पाण्यातच धरलं, ओढीकडे तोंड केलं. शेपटीने जोर केला आणि गेला.

समुद्र

थंडीत एकदा मित्रांबरोबर होडीने बाहेर गेलो, सुरमईसाठी. कोर्लईचं टोक ओलांडून ट्रोलिंग केलं, म्हणजे खोल जाणारे मिनो (माशासारखी नकली आमिषं) चालत्या होडीमागे सोडून. सुरमईचे दात कात्रीसारखे, त्यामुळे गळाआधी वीतभर तार लागतेच. दोन बऱ्या सुरमया आणि एक बांगडा मिळाला. मजा आली, घरी कालवणही झालं, पण होडीवर मासा शोधायचं काम तांडेल (होडीचा म्होरक्या) करतो. मला ते काम स्वतः करायला आवडतं, म्हणून माझा जीव खाडीतच आहे.

सामान

आठ फुटी मध्यम-जड रॉड, ४००० मापाचं रीळ, ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी). लीडर ५० पौंडी फ्लुरोकार्बन, कमी नको. कारण दात नव्हे. जिताड्याच्या कल्ल्याची कडा पात्यासारखी धारदार असते, उडीत तंगूस तिच्यावरून घासला की संपलं. हाताने धरतानाही कल्ल्यात बोट घालू नका. ब्रेडला लीडर एफजी गाठीने जोडतो, ती रॉडच्या कड्यांतून अडकल्याशिवाय जाते. जिवंत आमिषासाठी सर्कल हूक (टोक आत वळलेला गळ): मासा वळला की तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, आणि सोडलेला मासा जगतो. तळ्यावर काटेरी दाढ दाबून टाकलेला एकेरी गळच वापरतो, काकांचा आग्रह आहे आणि तो योग्य आहे.

आता थोडं मनातलं. जिताडा आधी नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून पक्व होतो, आणि पुढे वाढत साधारण ८० सेंटिमीटर ते मीटरभर झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतला प्रत्येक फार मोठा जिताडा बहुधा मादी आहे, आणि पुढच्या पावसाळ्यातली पिल्लं, खाजणातली आणि काकांच्या तळ्यातली, तिच्याच पोटातून यायची आहेत. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. तो लहान मासा वाचवण्यासाठी आहे आणि चांगलाच आहे. जिताड्याच्या बाबतीत मी वरचीही रेघ आखली आहे. खाडीतला २४ इंचांखालचा सोडतो, ३० इंचांवरचा सोडतो, मधला एखादा घरी नेतो. मोठ्या माशाचा फोटो घ्यायचा तर आडवा धरून; जबड्याला लटकवलेल्या मोठ्या माशाच्या मणक्याला इजा होते. मोठा मासा खायला चरबट लागतो, चवीला दोन-तीन किलोचाच उत्तम, तेव्हा त्यात कुणाचं नुकसानही नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. काठावरून गरी टाकणाऱ्याला तो नियम लागू नाही, पण हाच माशाचा अंडी घालायचा काळ, म्हणून मी उघाडीही बंद ठेवतो. कातळावर तर पावसाळ्यात कुणीच जाऊ नये. लाट सांगून येत नाही.

पुढचा बेत: नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या चतुर्थीला पुन्हा उघाडीवर. तेव्हा पाण्याचा खारेपणा मोजायचं साधं उपकरण घेऊन जाणार आहे, कारण पावसाचं गोडं पाणी ओसरत असताना मासा उघाडीपासून किती वर राहतो ते मला बघायचंय. मालवण-गोव्याकडच्या मंडळींना एक विचारायचं आहे. तुमच्याकडे भरतीओहोटीतला फरक आमच्याहून बराच कमी. मग चतुर्थी-पंचमीला तिकडे पुरेशी ओढ राहते का, की तुम्हाला उधाणाच्या जवळची तिथी धरावी लागते? तिथी, भरतीची वेळ आणि मासा लागल्याची वेळ एवढं लिहून पाठवलंत तरी पुरे.